गाडी मागितली तर द्या, पण लायसन बघून द्या



या पानावर मी एरवी मेथी, कोथिंबीर, कांदा आणि पाण्याच्या पाळ्या लिहितो. आज गाडीवर लिहितोय. पुण्याच्या कडेला शेती करणाऱ्याला गाडी म्हणजे कुळव-पाभरीसारखं अवजारच झालंय. पहाटे मांजरीच्या उपबाजारात माल टाकायचा, नाहीतर गुलटेकडीला मार्केट यार्डात जायचं, तर पिकअप पाहिजेच. आणि ज्याच्या दारात पिकअप, ट्रॅक्टर नाहीतर साधी मारुती उभी आहे त्याच्याकडे मागणारा माणूस येणारच. लग्नसराईत वऱ्हाडाला, वारीत दिंडीला, रात्री-अपरात्री दवाखान्याला. आपण नाही म्हणत नाही. म्हणूही नये, असं माझं मत आहे. पण किल्ली हातात ठेवताना आपण नुसती गाडी देत नाही, त्याच्याबरोबर आणखी बरंच काही देतो, आणि ते काय, हे बहुतेकांना माहीत नसतं.

कट्ट्यावर बसलं की दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतो, विमा माझ्या नावावर आहे, दुसरा कुणी चालवत असला की कंपनी रुपया देत नाही. दुसरा म्हणतो, आपला फुल विमा आहे, कुणीही चालवू दे, कंपनी बघून घेईल. दोन्ही चूक.

आपल्याकडे गाडीचा विमा गाडीबरोबर चालतो. पॉलिसीचे चार-सहा इंग्रजी कागद असतात, त्यात चालकाबद्दल एक कलम असतं. त्याचा अर्थ असा की मालक धरून कोणीही माणूस गाडी चालवू शकतो, फक्त अपघाताच्या वेळी त्याच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन पाहिजे आणि त्याला लायसन धरायला बंदी झालेली नसावी. म्हणजे मेव्हण्याने गाडी नेली, त्याचं लायसन ठीक आहे, तो प्यायलेला नाही आणि गाडी घरच्या कामाला वापरलीय, तर दिवे घाटात ठोकली तरी क्लेम बसतो. मालक शेजारी बसलेला पाहिजे असंही काही नाही.

पण क्लेम बसला म्हणजे फुकटात भागलं असं नाही. गाडीच्या नुकसानीतला पहिला ठराविक भाग मालकालाच सोसावा लागतो. 1500 सीसीपर्यंतच्या कारला तो 1000 रुपये, त्याच्या वरच्या कारला 2000. ते किरकोळ आहे. खरा फटका नो क्लेम बोनसला. एक वर्ष क्लेम नसला तर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षी 50 टक्के सूट मिळते. ही सूट गाडीच्या मालकाची. पाच वर्षं जपून गाडी चालवली आणि भाच्याने हडपसरच्या गर्दीत बंपर फोडला, तर त्या एका क्लेमवर 50 टक्के शून्यावर येतात. म्हणून बारीक ठोकर असेल तर आधी गॅरेजमध्ये अंदाज काढा, सूट किती जाते ते एजंटला विचारा, मग ठरवा. आणि गाडी नेणाऱ्याने हे पैसे आपणहून पुढे करावेत. आपल्यात 'जाऊ दे, नात्यातलंच आहे' म्हणून विषय मिटवतात, आणि तोच विषय मग चार वर्षं भाऊबंदकीत कुजत राहतो. सिग्नल तोडल्याचं चलनसुद्धा मालकाच्याच मोबाईलवर येतं, नेणाऱ्याच्या नाही. असो.

हे सगळं पत्र्याबद्दल झालं. पत्रा ठोकून सरळ होतो. माणूस गेला तर काय, हा खरा प्रश्न.

समजा तुमची गाडी दुसऱ्याने नेली आणि रस्त्यावर कुणाचा जीव गेला. मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो यासाठीच. चालवणाऱ्याकडे लायसन असेल तर भरपाई कंपनी देते, तुम्हाला काळजी नाही. चालवणाऱ्याकडे लायसन नसेल तर? इथे लोकांना वाटतं कंपनी हात वर करते आणि मेलेल्याच्या घरच्यांना काहीच मिळत नाही. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्वर्णसिंग नावाच्या खटल्यात ही वाट घालून दिली. लायसन नव्हतं एवढं म्हणून कंपनी सुटत नाही, मालकाने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने तशा माणसाच्या हातात गाडी दिली हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. आणि ते सिद्ध झालं तरी न्यायाधिकरण कंपनीला सांगू शकतं की आधी तू घरच्यांना पैसे दे आणि नंतर मालकाकडून वसूल कर. गरिबाच्या बाजूने हा चांगला निकाल आहे, मला पटतो. पण 'नंतर मालकाकडून वसूल कर' हे चार शब्द शेतकऱ्याने नीट वाचावेत.

वसुली कशी होते? मोटार वाहन कायद्याच्या कलम 174 प्रमाणे न्यायाधिकरण कलेक्टरला दाखला देतं आणि ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी असल्यासारखी वसूल करता येते. स्वर्णसिंगच्या निकालात कंपनीच्या वसुलीसाठीही हाच रस्ता सांगितलाय. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे मी शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. ती तुमच्या सातबाऱ्यापर्यंत येते.

रक्कम किती असू शकते त्याचा हिशोब मांडून दाखवतो. हे मनाचे आकडे नाहीत, न्यायालयाची रीत आहे, 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या दोन निकालांतून आलेली. समजा खराडीच्या एखाद्या कंपनीत कायम नोकरी असलेला 30 वर्षांचा मुलगा गेला. पगार महिना 40,000. घरात बायको, मूल आणि आई. वर्षाचे झाले 4,80,000. वय चाळिशीच्या आत आणि नोकरी कायम, म्हणून पुढच्या पगारवाढीचे 50 टक्के धरतात, झाले 7,20,000. त्याचा स्वतःचा खर्च तिसरा हिस्सा वजा, राहिले 4,80,000. 26 ते 30 वयाला 17 ने गुणतात. 81,60,000. त्याच्यावर अंत्यविधी वगैरेचे ठरलेले पैसे आणि दावा दाखल झाल्यापासूनचं व्याज. शिवाजीनगरच्या कोर्टात दावा पाच-सहा वर्षं चालला तर व्याजच किती होईल ते तुम्ही काढा. पुण्याच्या रस्त्यावर पुढून येणारा माणूस कोण असेल, त्याचा पगार काय असेल, हे आपल्या हातात नसतं. गाडी कुणाच्या हातात द्यायची, एवढंच आपल्या हातात असतं.

'मी दिली नव्हती, त्यानेच किल्ली उचलून नेली' हेही पुष्कळ जण म्हणतात. 2011 मध्ये असाच एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. घरी आलेल्या अल्पवयीन मुलाने मोटारसायकलची किल्ली न सांगता नेली, अपघातात माणूस गेला. मालक म्हणाला, मला माहीतच नव्हतं. न्यायालय म्हणालं, गाडीचा गैरवापर होणार नाही, तेही लायसन नसलेल्या पोराकडून, हे बघणं तुझं काम होतं. कंपनीला मालकाकडून वसुलीचा हक्क मिळाला. आता आपल्या घरात किल्ली कुठे असते ते आठवा. दाराजवळच्या खिळ्याला. नाहीतर ट्रॅक्टरलाच लटकवलेली. सतरा वर्षांचं पोरगं ट्रॅक्टर रिव्हर्स घेतं म्हणून आजोबा कौतुक करतात.

पुण्यात हे वेगळं सांगायला नको. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, त्या प्रकरणात 17 वर्षांच्या मुलावर ठपका आला. तीनशे शब्दांच्या निबंधावर सगळा महाराष्ट्र बोलला. आपण ध्यानात ठेवायचं ते हे, की गुन्हा वडिलांवरही नोंदला गेला, पोराच्या हातात गाडी दिल्याबद्दल. 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 199-अ आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, 3 वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि पोराला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन नाही. 'किंवा गाडीचा मालक' हे शब्द बघा. पोरगं शेजाऱ्याचं असलं तरी गाडी तुमची आहे. कायद्याला पोर्श आणि 475 ट्रॅक्टर यात फरक दिसत नाही. मोठा माणूस असेल आणि लायसन नसेल तर कलम 180 आहेच, मालकाला 5,000 रुपये दंड, 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

यावर तोडगा अगदी साधा आहे. लायसन मागा आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. 2003 च्या लेहरू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मालकाने लायसन बघितलं, ते दिसायला खरं होतं, माणसाला गाडी चालवता येते याची खात्री केली, तर तेवढ्याने त्याचं कर्तव्य झालं. पुढे ते लायसन बनावट निघालं तरी कंपनीला मालकावर सहज ढकलता येत नाही. मालकाने आरटीओत जाऊन चौकशी करत बसावं अशी अपेक्षा नाही. म्हणजे तो एक फोटो तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे. पाहुण्याकडे लायसन मागायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. 'दाजी, लायसन बघू' म्हणलं की दाजींचं तोंड वाकडं होतं. होऊ दे. मी म्हणतो, विमा कंपनीला पाठवावं लागतं. खोटं आहे, पण दाजी लगेच खिशात हात घालतात.

फोटोत तीन गोष्टी बघा. मुदत, गाडीचा प्रकार आणि चेहरा. मुदतीचं विशेष आपल्या वयाच्या माणसांना सांगतो. आता नियम असा आहे की 50 ते 55 वयात काढलेलं लायसन 60 पर्यंतच चालतं आणि 55 नंतर काढलं तर 5 वर्षंच. पूर्वीचं वीस वर्षांचं लायसन खिशात घालून फिरणारे आमचे कितीतरी दोस्त आहेत, त्यांचं कधी संपलं त्यांनाच ठाऊक नाही. प्रकाराचं म्हणाल तर पिवळ्या पाटीच्या पिकअपला वेगळा बॅच लागतो की नाही यावर वर्षानुवर्षं वाद होता. 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तो मिटवला. हलक्या मोटार वाहनाचं लायसन असलेला माणूस एकूण वजन 7500 किलोपर्यंतची मालवाहू गाडीही चालवू शकतो, वेगळी नोंद लागत नाही. आपल्या पिकअप त्यात बसतात. नुसत्या दुचाकीचं लायसन असलेल्याने पिकअप चालवली तर मात्र ते लायसन नसल्यासारखंच.

दारूचं एका ओळीत सांगतो. प्यायलेल्या चालकाने गाडी ठोकली तर गाडीचा क्लेम तर जातोच, पण 2019 च्या दुरुस्तीनंतर थर्ड पार्टीच्या दाव्यातही कंपनीला ते कारण पुढे करता येतं. हळदीच्या रात्री किल्ली कुणाकडे आहे ते बघा.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या माणसाकडे येतो. तो म्हणजे गाडी मागून नेणारा. सगळा विचार गाडीचा होतो, समोरच्याचा होतो, मालकाचा होतो. चालवणारा स्वतः गेला तर त्याच्या बायकापोरांना काय, हे कोणी विचारत नाही.

सर्वोच्च न्यायालयातला 2009 चा निंगम्मा खटला आपल्या शेजारच्या कर्नाटकातला आहे. एक माणूस दुसऱ्याची हिरो होंडा मागून घेऊन इलकलहून आपल्या गावाकडे निघाला. पुढे लोखंडी पत्रे भरलेली बैलगाडी अचानक थांबली, त्याने मागून धडक दिली आणि तो गेला. घरच्यांनी कलम 163-अ खाली मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली. न्यायालय म्हणालं, ज्याने गाडी मागून घेतली तो मालकाच्या जागी उभा राहतो. तो थर्ड पार्टी नाही, आणि मालक स्वतःकडेच भरपाई मागू शकत नाही, तसा तोही मागू शकत नाही. जानेवारी 2020 मध्ये रामखिलाडी खटल्यातही तेच झालं. मागून आणलेली मोटारसायकल, समोरून दुसरी मोटारसायकल, चालवणारा गेला. दावा लावला तो मागून आणलेल्या गाडीच्याच मालकावर आणि कंपनीवर. पॉलिसीत वैयक्तिक अपघाताचे 1 लाख लिहिलेले होते, तेवढे मिळाले, बाकी नाही. समोरच्या गाडीची चूक असेल तर समोरच्या गाडीच्या कंपनीवर दावा लावता येतो, आणि तिथेच लावायचा असतो. पण आपलीच गाडी पलटी झाली, झाडाला धडकली, विहिरीत गेली, तर समोर कोणी नाहीच.

आजच्या पॉलिसीत 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. पण त्याचं नावच 'मालक-चालक' आहे. नोंदणी ज्याच्या नावावर आणि लायसन ज्याच्याकडे, त्याच्यासाठी तो आहे. मागून नेलेल्याच्या वारसाला त्यातून काही पाहिजे असेल तर कोर्टकचेरी आलीच. यात एक गोम आणखी आहे. आपल्याकडे गाडी बापाच्या नावावर असते, बापाला चालवता येत नाही, लायसन नाही, रोज चालवतो मुलगा. तिथे मुलगासुद्धा मागून नेणाराच झाला. 15 लाखांचा हप्ता भरला जातो आणि घरात ज्याला त्याचा उपयोग व्हायचा तो त्यात नसतो. अशा घरात गाडी चालवणाऱ्याच्या नावावर करून घ्या, आरटीओची एक चक्कर होईल.

बाकीच्यांनी काय करावं? पॉलिसी घेताना थोडे जास्त पैसे भरून गाडीत बसणाऱ्यांचा, नाव न देता, वैयक्तिक अपघात विमा घेता येतो. पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याच्या जबाबदारीचा वेगळा हप्ता फक्त 50 रुपयांच्या आसपास असतो, तोही एजंट आपणहून सांगत नाही, कारण त्यात त्याला काय सुटणार? आणि घरातल्या प्रत्येक 18 ते 70 वयाच्या माणसाचा बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू आहे का ते बघा. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख. तो गाडी कुणाची होती ते विचारत नाही. शेतकऱ्याच्या घरात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे, खातेदार आणि कुटुंबातला एक सदस्य, मृत्यूला 2 लाख, अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात. त्याची मुदत 30 दिवसांची आहे. दहावा-तेरावा होईपर्यंत निम्मी मुदत जाते, म्हणून भावकीतल्या कोणीतरी शहाण्या माणसाने कागदांचं काम अंगावर घ्यावं.

हे पान वाचणाऱ्यांत कृषी सहायक, खत-बियाण्याच्या कंपन्यांची पोरं आणि कॉलेजचे विद्यार्थीही आहेत. त्यांना एक सांगतो. प्लॉट बघायला जाताना तुम्ही शेतकऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसता, कधी तुम्हीच चालवता. मोटारसायकलला बहुतेकांनी फक्त थर्ड पार्टी विमा घेतलेला असतो. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की नुसत्या सक्तीच्या विम्यात मागे बसलेला फुकट प्रवासी धरला जात नाही. फुल पॉलिसी असेल तर धरला जातो. स्टँडवरून पुढे निघण्याआधी हेल्मेट मागता, तसं हेही विचारा. विचारणारा आजवर मला एकही भेटलेला नाही.

आता पिकअप आणि ट्रॅक्टर. कार मागून नेणं एकवेळ सोपं आहे, कारण त्यात माणसं बसायचीच असतात. मालवाहू गाडीत माल बसायचा असतो. कायदा म्हणतो, मालाचा मालक किंवा त्याने नेमलेला माणूस मालाबरोबर गाडीत असेल तर तो विम्यात धरला जाईल. तोही केबिनमध्ये बसलेला पाहिजे, मालावर नाही, असंही न्यायालयाने सांगितलंय. बाकी फुकट बसवलेली माणसं 2002 च्या आशाराणी निकालानंतर विम्यात येत नाहीत. म्हणजे शेजाऱ्याचा कांदा तुमच्या पिकअपमध्ये आणि शेजारी केबिनमध्ये, तर ठीक. शेजाऱ्याने तुमची पिकअप नेली आणि मागच्या हौद्यात काढणीच्या आठ बायका उभ्या केल्या, तर त्या आठही जणींचा भार कंपनीवर नाही, मालकावर. मजुरांची ने-आण हौद्यातून सगळे करतात, मला माहीत आहे. मजूर लांबून आणावे लागतात आणि रिक्षाचं भाडं परवडत नाही, हेही माहीत आहे. पण त्या बायकांच्या जिवाला विमा नाही, हे निदान माहीत असून करावं. आणि दुसऱ्याने गाडी मागितली तर माणसं भरणार का, हे तोंडावर विचारावं.

ट्रॅक्टरला सीट एकच. मडगार्डवर बसलेला माणूस विम्यात नाही, ट्रॉलीत बसलेलं वऱ्हाड नाही. ट्रॅक्टरची पॉलिसी शेतीच्या वापरासाठी असते. कोणी 'दोन खेपा मुरूम टाकतो' म्हणून ट्रॅक्टर नेला, तर ती शेती नव्हे. आमच्या बाजूला गेल्या दहा वर्षांत इतकी बांधकामं झाली की ट्रॅक्टर नांगराला कमी आणि विटा-वाळूला जास्त जुंपले जातात. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते आणि विम्यातही तिची नोंद लागते. पुष्कळांच्या पॉलिसीत ट्रॉलीचा पत्ताच नसतो. ट्रॅक्टर देताना ट्रॉली सोडून द्या, असं मी सरळ सांगतो.

दिंडीला टेम्पो देणं हा आमच्याकडे मानाचा भाग आहे. हडपसरवरून सासवडकडे पालखी निघते तेव्हा गावातले टेम्पो सामान घेऊन मागे असतात. सामान वाहायला द्याच. पण पाऊस आला, पाय दुखले की म्हाताऱ्या माणसांना सामानावर बसवतात, तिथे जीव टांगणीला लागतो. दिंडीने थकलेल्यांसाठी प्रवासी गाडी वेगळी करावी, चार घरांनी वर्गणी वाढवावी. माउली त्याला नाही म्हणणार नाहीत.

पांढऱ्या पाटीची कार भाड्याने देणं हा वेगळाच धंदा झालाय. डिझेल टाकून आण म्हणणं याला मी भाडं म्हणत नाही. किलोमीटरला दर ठरवून शिर्डी-तुळजापूरला गाडी पाठवली तर ते भाडंच, आणि खासगी पॉलिसीत भाड्याच्या वापराला जागा नाही. पैसे मोबाईलवरून येतात, तारखेसकट पुरावा तयार होतो. अशा वेळी गाडीच्या नुकसानीचा क्लेम पूर्ण नाकारू नये, 75 टक्क्यांपर्यंत द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये एका प्रकरणात म्हटलंय. पण तिथपर्यंत पोचायला माणसाची चप्पल झिजते.

आणि कायमची दिलेली गाडी, म्हणजे विकलेली पण नाव न बदललेली. हेही गाडी उसनी देण्यासारखंच आहे, फक्त परत येत नाही. 2018 च्या नवीनकुमार खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे अशी चार हात फिरली होती, नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर. भरपाईचा जबाबदार पहिलाच ठरला. जुनी बुलेट भाच्याला दिली, जुना ट्रॅक्टर दौंडला विकला, फॉर्मवर सही करून दिली आणि विसरून गेलो, असं म्हणून चालत नाही. सही ज्या दिवशी, त्याच आठवड्यात आरटीओला कळवा.

विमा कंपन्यांवरही माझा राग आहे, तो लिहितो. हप्ता मराठी माणसाकडून घेतात, पॉलिसी इंग्रजीत देतात. कोण चालवू शकतो, कोण बसू शकतो, कशासाठी वापरता येते, या तीन गोष्टी मराठीत, मोठ्या अक्षरात, पहिल्या पानावर छापायला काय खर्च येतो? ट्रॅक्टरला कर्ज देणाऱ्या बँका आणि सोसायट्या विम्याची पावती फाईलला लावतात, कर्जाची काळजी घेतात. त्याच टेबलावर चालवणाऱ्याचा अपघात विमा विचारला तर कितीतरी घरं वाचतील. शेतकरी मेळाव्यात ठिबकचे, औषधांचे स्टॉल असतात. एक स्टॉल आरटीओचा का नसावा?

क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर पुण्यातच, नारायण पेठेत एन. सी. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत विमा लोकपालाचं कार्यालय आहे. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. फी नाही, वकील लागत नाही. जाताना पॉलिसी, नकाराचं पत्र, आरसी आणि चालवणाऱ्याच्या लायसनचा तो फोटो बरोबर न्या.

ट्रॉलीची नोंदणी आणि विमा यावर बऱ्याच जणांनी विचारलंय. ते पुढच्या आठवड्यात, कांदा चाळीत टाकून झाला की लिहितो.